हरभट रोडवर गाडी लावायला पैसे घ्यावेत का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. सांगलीत हरभट रोडला तुमचं कापडाचं दुकान आहे, वडिलांच्या वेळेपासूनचं. व्यापाऱ्यांच्या बैठकीत मारुती रोड, हरभट रोड, मेन रोड या पट्ट्यात रस्त्यावर 'पे अँड पार्क' करायचा विषय निघाला आणि दोन तट पडले. तुम्ही विरोधात आहात. आधीच गिऱ्हाईक शहराच्या विश्रामबाग भागाकडे वळतंय, त्यात गाडी लावायला पैसे मागितले तर उरलंसुरलंही जाईल, असं तुम्हाला वाटतं. पण संध्याकाळी गिऱ्हाईक दुकानासमोर येतं, गाडी लावायला जागा नाही म्हणून तसंच पुढे निघून जातं, हेही तुम्हीच लिहिलंय.

मी वाहतूक नियोजनाचं काम करते. दक्षिण महाराष्ट्रातल्या मध्यम शहरांच्या बाजारपेठांत रस्त्यावरच्या पार्किंगची पाहणी करणं हा त्या कामाचा मोठा भाग आहे. माझं मत आधीच सांगून टाकते. तुमच्या पेठेत रस्त्यावरचं चारचाकी पार्किंग सशुल्क व्हावं, आणि ती मागणी व्यापाऱ्यांनीच करावी. पण ते कोणत्या अटींवर येतं यावर सगळं आहे. वाईट अटींवर आलं तर तुमची भीती खरी ठरेल.

आधी दुखणं नीट ओळखू. पेठेत जागा कमी आहे असं सगळे म्हणतात, आणि ते खरंच आहे. संस्थानकाळातल्या रस्त्यांवर आजच्या गाड्या मावणार नाहीत, आणि दोन्ही बाजूंची दुकानं पाडून रस्ता रुंद करा असं तुमच्यातला कोणीही म्हणणार नाही. मात्र आहे ती जागा कोण वापरतं, हे फारसं कुणी विचारत नाही. मी पाहिलेल्या बाजारपेठांत उत्तर जवळपास सारखंच आलंय. सकाळी दुकान उघडताना मालकाची गाडी समोर लागते, पाठोपाठ शेजारच्या मालकाची, मग वरच्या मजल्यावरचे वकील, सीए, पतसंस्थेचे कर्मचारी. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून सीट धरावी तशी ही जागा धरली जाते आणि रात्री शटर ओढेपर्यंत सुटत नाही. अकराला पहिलं गिऱ्हाईक येतं तेव्हा रस्ता भरलेला असतो. यात मी कुणाला दोष देत नाही. दारासमोरची जागा फुकट असेल तर माणूस ती वापरणारच.

हिशेब मांडून बघा. समजा तुमच्या पट्ट्यात चारचाकीच्या २० जागा आहेत आणि बाजार १० तास चालतो. म्हणजे दिवसाला २०० तासांचं पार्किंग हाताशी आहे. त्यातल्या १२ जागांवर दिवसभर त्याच गाड्या उभ्या असतील तर १२० तास तिथेच संपले. उरलेल्या ८० तासांत, एक गिऱ्हाईक पाऊण तास थांबतं असं धरलं, तर १०६ गाड्यांना जागा मिळते. त्या १२ गाड्या दुसरीकडे गेल्या, तर रस्ता ८५ टक्केच भरलेला ठेवूनही दिवसाला सव्वादोनशे गाड्या येऊन जातात. रस्ता आहे तेवढाच राहतो आणि जागा मिळणारं गिऱ्हाईक दुप्पट होतं. हे आकडे नमुन्यादाखल घेतलेत. तुमच्या रस्त्याचे खरे आकडे कसे काढायचे ते शेवटी सांगते.

'मग एक तासाची मर्यादा घाला, पैसे कशाला?' असं तुमच्या बैठकीत कोणीतरी म्हणेलच. तासाची मर्यादा पाळून घ्यायला प्रत्येक गाडी कधी आली हे टिपणारा माणूस लागतो, आणि मालक दर तासाला गाडी पाच फूट पुढे सरकवून मोकळा होतो. सम-विषम तारखेचं पार्किंग, आपलं पी-वन पी-टू, रस्त्याची एक बाजू वाहती ठेवतं, ते ठेवावंच. पण परवानगी असलेली बाजू दिवसभर कोण अडवतं, याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. पैशाचं तसं नाही, थांबण्याचा प्रत्येक तास त्यात मोजला जातो. तासाला २० रुपये धरा. लग्नाचा बस्ता बांधायला आलेलं कुटुंब दोन तासांचे ४० रुपये देईल आणि समोरच जागा मिळाली म्हणून खुशीत देईल. दहा तास गाडी ठेवणाऱ्याला मात्र रोजचे २०० पडतील, महिन्याच्या २६ दिवसांचे ५,२००. तो दुसऱ्या आठवड्यात पाच मिनिटं चालायच्या अंतरावर जागा शोधतो, नाहीतर दुचाकीने यायला लागतो. त्याला कुणी हाकलावं लागत नाही.

पार्किंग मीटरचा जन्मच व्यापाऱ्यांच्या या तक्रारीतून झाला, हे फार कमी लोकांना माहीत असतं. अमेरिकेत ओक्लाहोमा सिटीमध्ये कचेऱ्यांतले लोक सकाळी दुकानांपुढे गाड्या लावायचे त्या संध्याकाळीच काढायचे. तिथले वृत्तपत्र चालवणारे कार्ल मॅगी व्यापारी मंडळाच्या वतीने वाहतुकीचा प्रश्न बघत होते. त्यांच्या खटपटीतून १६ जुलै १९३५ रोजी पहिलं मीटर बसलं, तासाला ५ सेंट.

तुमच्याशी याहून जवळची गोष्ट आहे ती लॉस एंजेलिसजवळच्या पासाडिना शहरातल्या जुन्या बाजाराची. बाजार मोडकळीला आलेला, आणि मीटरचं नाव काढताच दुकानदारांनी तुमचीच भीती बोलून दाखवली. मोक्याच्या जागांवर त्यांच्याच नोकरांच्या गाड्या उभ्या असायच्या. १९९३ साली ते राजी झाले ते एका शब्दावर, की मीटरचा पैसा याच बाजारात खर्च होईल. नगरपालिकेने त्या येणाऱ्या पैशाच्या भरवशावर ५० लाख डॉलरचं कर्ज उभारून फुटपाथ, दिवे, झाडं, गल्ल्यांची दुरुस्ती केली. बाजार पुन्हा उभा राहिला. पार्किंगच्या अर्थशास्त्रावर आयुष्य घालवलेले प्राध्यापक डोनाल्ड शूप हे उदाहरण आवर्जून मांडत. सांगली आणि पासाडिना यांच्या खिशात मोठा फरक आहे. तरी दुकानदाराचा विश्वास कशाने बसतो, हे दोन्हीकडे सारखंच असतं, म्हणून ते इथे सांगितलं.

आता दर. बैठकीत हा प्रश्न पहिला येतो, खरं तर तो शेवटी यायला हवा. आधी ठरवायचं ते असं, की गिऱ्हाईक कोणत्याही वेळी आलं तरी शंभरेक पावलांत एखादी जागा रिकामी दिसली पाहिजे, सात जागांमागे साधारण एक. ८५ टक्क्यांचा आकडा त्यातूनच आलाय. जागा कायम भरलेल्या राहिल्या तर दर वाढवायचा, ओस पडल्या तर उतरवायचा. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये २०११ पासून रस्त्यागणिक असे दर बदलून पाहिले. काही ठिकाणी वाढले, काही ठिकाणी उतरले, आणि सरासरी दर थोडा खालीच आला. तुमच्याकडेही हरभट रोडचा संध्याकाळी सहाचा दर आणि मागच्या बोळाचा दुपारी तीनचा दर एकच असायचं काही कारण नाही. यात कागदाची एक मेख आहे. महापालिकेच्या महासभेकडून एकच दर मंजूर करून घेतला तर तो बदलायला पुन्हा महासभेत जावं लागतं, आणि मग तो बदलतच नाही. म्हणून किमान आणि कमाल असा पट्टा मंजूर करून घ्या आणि त्याच्या आत दर तीन महिन्यांनी बदल करायचा अधिकार आयुक्तांकडे राहू द्या.

गिऱ्हाईक जाईल का? काही जाईल. ज्याचं पाच मिनिटांचं काम आहे आणि घराजवळ पर्याय आहे, तो तुमच्याकडे येणार नाही. पण तासगाव, कवठेमहांकाळ किंवा पलीकडे अथणीहून येणारं कुटुंब पेठेत येतं ते एका फेरीत वीस कापड दुकानं, सराफ कट्टा आणि साडीला फॉल लावून देणारा माणूस मिळतो म्हणून. वीस रुपयांसाठी ते पेठ सोडत नाही. अर्धा तास घिरट्या घालून जागा मिळाली नाही, तर मात्र पुढच्या वेळी सोडतं. शिवाय तुमचं किती गिऱ्हाईक चारचाकीने येतं, हे कधी मोजलंय का? दुकानदार हा आकडा जवळजवळ नेहमी वाढवून सांगतात, मुद्दाम नव्हे. दारात गाडीतून उतरलेलं गिऱ्हाईक लक्षात राहतं, स्टँडवरून चालत आलेली बाई लक्षात राहत नाही. आठवडाभर बिल करताना 'कसे आलात?' एवढं विचारून वहीत रेघ मारा.

त्या स्टँडवरून आलेल्या बाईचा विचार मला या सगळ्यात सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. 'रस्ता आमच्या कराचा आहे, पैसे कशाचे?' असं लोक म्हणतात. कर तीही भरते. तिला फुटपाथवरून चालता येत नाही, कारण तिथे कुणाची तरी गाडी फुकट उभी असते. राष्ट्रीय शहरी वाहतूक धोरणाने २००६ सालीच म्हटलंय की पार्किंगचं शुल्क त्या जमिनीची खरी किंमत दाखवणारं असावं. हरभट रोडला गाळ्याचा चौरस फुटाचा भाव काय चाललाय हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे, आणि एक गाडी जवळपास १३५ चौरस फूट अडवते.

दुचाकीला पहिल्या टप्प्यात पैसे लावू नका, असं माझं ठाम मत आहे. चारचाकीला अडीच मीटर बाय पाच मीटर जागा लागते, दुचाकीला एक बाय दोन. म्हणजे एका मोटारीच्या जागेत पाच दुचाकी बसतात. त्या जागेमानाने दुचाकीचा रास्त दर इतका लहान येतो, की पावती फाडणाऱ्या माणसाचा पगारही त्यातून सुटत नाही. आणि दुचाकीला हात घातला की विषय हिशेबाचा न राहता राजकारणाचा होतो. पुणे महापालिकेने २०१८ साली पार्किंग धोरण मंजूर केलं, त्यानंतर विरोधात अंमलबजावणी किती रखडली ते सगळ्यांनी पाहिलंय. दुचाकींना जागा मात्र पांढऱ्या पट्ट्यांनी आखून द्या, चौकाच्या कोपऱ्यापासून लांब. दुकानातल्या मुलांच्या दिवसभर उभ्या राहणाऱ्या दुचाकींसाठी पेठेच्या कडेला वेगळी जागा मागा. ती मिळाल्याशिवाय त्या मुलांवर सक्ती करू नका, पगारातून त्यांना हे परवडणारं नाही.

सगळ्यात जास्त डोळ्यांत तेल घालून बघायची गोष्ट म्हणजे ठेका. आपल्याकडे रूढ पद्धत अशी की वर्षाचा लिलाव होतो, जो जास्त रक्कम देईल त्याला रस्ता, आणि वसुली सगळी त्याची. कागदावर हे पालिकेला सोपं जातं. प्रत्यक्षात ठेकेदाराचं हित तुमच्या हिताच्या बरोबर उलटं होतं. तुम्हाला सातातली एक जागा रिकामी हवी, त्याला आठव्या गाडीचेही पैसे हवेत, म्हणून तो दुहेरी रांग लावतो, फुटपाथवर चढवतो, कोपरा अडवतो. पावती न देता पैसे घेतले की किती गाड्या आल्या याची नोंदही राहत नाही, मग पुढच्या वर्षीची बोली अंदाजाने लागते. सणासुदीला दर मनाने वाढतो आणि गिऱ्हाइकाशी वाद तुमच्या दारात होतो. सशुल्क पार्किंगचं नाव आपल्याकडे खराब झालंय ते मुख्यतः या पद्धतीने. शुल्काची कल्पना त्यात हकनाक बदनाम झाली.

याला पर्याय अवघड नाही. वसुलीचा प्रत्येक रुपया थेट पालिकेच्या खात्यात जावा, आणि माणसं पुरवणाऱ्या संस्थेला ठरलेला मासिक मोबदला मिळावा, वसुलीतला हिस्सा नव्हे. एसटीच्या कंडक्टरकडे असतं तसं तिकीट मशीन हातात द्या, त्यावर गाडीचा नंबर आणि वेळ छापून येते. यूपीआयचा क्यूआर कोड पालिकेच्याच नावाचा असावा. मशीनमधली नोंद हीच पुढे दर ठरवायची वही होते. पैसा कुठे जाणार, हेही आत्ताच लिहून घ्या. पालिकेच्या अंदाजपत्रकात पेठेसाठी स्वतंत्र लेखाशीर्ष, म्हणजे जमा-खर्चाचं वेगळं खातं हवं, ठरावात टक्केवारी हवी, आणि दर तिमाहीला जमा-खर्चाचा फलक पेठेत लागला पाहिजे. निम्म्याहून कमी वाटा पेठेत परत येणार असेल तर माझ्या मते सही करू नका. पहिला खर्चही तुम्हीच सुचवा. मी तुमच्या जागी असते तर स्वच्छतागृह मागितलं असतं. दिवसभर खरेदीला आलेल्या बाईला पेठेत जायला जागा नाही, आणि ती लवकर परतते याचं ते मोठं कारण असतं. इतकी वर्षं बाजारपेठा फिरताना हे मी स्वतः भोगलंय.

पोलिसांशिवाय यातलं काहीच उभं राहत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ११७ नुसार गाड्या कुठे उभ्या करायच्या हे राज्य सरकार किंवा सरकारने नेमलेला अधिकारी स्थानिक संस्थेशी सल्लामसलत करून ठरवतो. दंड करायचा अधिकार पोलिसांचा. पालिकेने नेमलेला पावतीवाला दंड करू शकत नाही, गाडी उचलू शकत नाही. महाराष्ट्रात नो पार्किंगचा पहिला दंड ५०० रुपये आणि पुन्हा सापडल्यास १,५०० आहे, पण तो होतच नसेल तर वीस रुपये कोण देईल? वाहतूक शाखेचे दोन कर्मचारी संध्याकाळी पाच ते आठ त्या पट्ट्यात फिरतील, एवढं लेखी कबूल करून घ्या. त्याआधी पट्टे आखणं आणि फलक लावणं पुरं झालं पाहिजे. पुसट रेघांवर केलेला दंड वादात अडकतो.

बाकीच्या गोष्टी भराभर सांगते. गणपती पेठेतल्या घाऊक मालाच्या टेम्पोंना सकाळी साडेदहापर्यंत चढ-उतारासाठी फुकट जागा राखून ठेवा, नाहीतर ते दुहेरी रांगेत उभे राहतील आणि बाकीची सगळी आखणी वाया जाईल. पेठेतल्या वाड्यांत राहणाऱ्यांना, ज्यांच्याकडे स्वतःची जागा नाही, घरटी एक सवलतीचा पास द्या. शुल्क सकाळी दहा ते रात्री नऊ एवढंच. अपंग व्यक्तींसाठी जागा राखीव आणि विनाशुल्क. हातगाडीवाल्यांना हटवायचं निमित्त म्हणून ही योजना वापरू देऊ नका. त्यांचा प्रश्न २०१४ च्या पथविक्रेता कायद्याप्रमाणे शहराच्या समितीत सुटायला हवा, आणि तुमच्या पेठेची निम्मी वर्दळ त्यांच्यामुळेही आहे.

सांगलीपुरती एक अट मात्र मी कुठल्याही नमुना करारात पाहिलेली नाही, ती तुम्ही घाला. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ४० फुटांच्या इशारा पातळीला आलं की शुल्क बंद. नदीकाठच्या भागातले लोक त्या वेळी गाड्या उंचावरच्या रस्त्यांवर आणून लावतात, तेव्हा पावती घेऊन कुणी समोर उभं राहता कामा नये. याच कारणाने तळघरात पार्किंग करा हा सल्ला मी तुम्हाला देत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, मारुती चौकाचं काय झालं ते तुम्ही डोळ्यांनी पाहिलंय. बहुमजली पार्किंग म्हणाल, तर समोरचा रस्ता फुकट असेपर्यंत वरच्या मजल्यावर पैसे देऊन गाडी न्यायला कुणी तयार होत नाही. रस्त्याला आधी दर लागला, तरच अशी इमारत भरते.

काही परिस्थितीत मी स्वतःच नको म्हणेन. पाहणीत संध्याकाळीही जागा रिकाम्या दिसल्या, तर शुल्काची गरजच नाही. पालिका एकरकमी लिलावावर अडून बसली, किंवा पैसा सर्वसाधारण निधीत जाणार असं म्हणाली, तर विरोध करा आणि मला तुमच्या बाजूने धरा.

आता पाहणी. लग्नसराई, दिवाळी आणि आठवडा बाजाराचा दिवस सोडून एक साधा दिवस निवडा, आणि दुसरा दिवस शनिवारचा किंवा रविवारचा. कॉलेजची दोन मुलं घ्या, त्यांना रास्त मेहनताना द्या. सकाळी दहा ते रात्री आठ, दर अर्ध्या तासाला एक फेरी. प्रत्येक जागेला क्रमांक द्यायचा आणि त्यापुढे उभ्या गाडीच्या नंबरचे शेवटचे चार आकडे लिहायचे, जागा रिकामी असेल तर शून्य. दुहेरी रांगेतल्या आणि फुटपाथवरच्या गाड्या वेगळ्या रकान्यात. संध्याकाळी तक्ता समोर ठेवला की कोणता नंबर किती ओळीत पुन्हा पुन्हा येतो ते लगेच दिसतं. कुणाच्या गाडीचा नंबर आहे, हे बैठकीत जाहीर करू नका. त्यात निम्मे तुमचे शेजारी निघतील, आणि एकदा माणसं दुखावली की ती दराबद्दल बोलायलाच तयार होत नाहीत. फक्त चार तासांपेक्षा जास्त थांबलेल्या गाड्यांनी एकूण किती तास खाल्ले, एवढा एकच आकडा मांडा. दोन्ही दिवसांचे तक्ते आणि रस्त्याची रुंदी मला पाठवा, पहिल्या तिमाहीचा दर किती ठेवावा ते त्यावरून सांगते.